दौलताबादची चढण आणि शरीरातील चयापचय

दौलताबादचा किल्ला पाहावयास आलेल्या मनुष्यास प्रारंभी श्रमाची जाणीव होत नाही. महाकोटाच्या दरवाजातून आत शिरल्यावर हत्ती हौद, भारतमातेचे मंदिर, बहमनी काळातील चांद मिनार ही स्थळे येतात, आणि तोवर वाट जवळजवळ सपाटच असते. खरी चढण त्यापुढची. चिनी महाल मागे टाकून, खंदकावरील पूल ओलांडून, ‘अंधारी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या भुयारी मार्गातून बाहेर पडले की पायऱ्यांमागून पायऱ्या सुरू होतात. पायथ्याच्या सपाटीपासून टेकडीची उंची सुमारे २०० मीटर आहे. साधारणपणे साडेसातशे पायऱ्या आणि त्यांच्यामधील चढाच्या वाटा आक्रमून मनुष्य वर पोहोचतो. बारादरीपाशी येईतो बहुतेकांना धाप लागलेली असते, कपाळ घामाने भिजलेले असते आणि मांड्या जड झालेल्या असतात. शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत फिरत्या पट्ट्यावर अथवा स्थिर सायकलवर जे घडवून आणावे लागते, तेच येथे काळ्या पाषाणावर घडते; आणि उंची ठाऊक असल्यामुळे चढणाऱ्याने किती कार्य केले हेही मोजता येते. व्यायामकाळी चयापचय कसा चालतो हे समजावून घेण्यास म्हणूनच ही चढण सोयीची आहे.

चयापचय या शब्दात दोन व्यापार एकत्र बांधलेले आहेत. अन्नद्रव्यांपासून शरीराचे घटक उभारणे व साठे करणे हा उपचय. त्या साठ्यांचे विघटन करून कार्यासाठी ऊर्जा मोकळी करणे हा अपचय. दोन्ही अहोरात्र एकाच वेळी चाललेले असतात. व्यायामाचा विचार करताना मात्र सामान्यतः केवळ अपचयच डोळ्यांपुढे ठेवला जातो, आणि ‘किती उष्मांक जळले’ एवढाच प्रश्न विचारला जातो. तो हिशेब एकदा करून पाहणे उपयुक्त होईल.

६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य २०० मीटर उंच चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले कार्य सुमारे १ लाख १८ हजार जूल, म्हणजे जेमतेम २८ किलोकॅलरी भरते. स्नायूंची कार्यक्षमता अशा चढणीत २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एवढे कार्य घडण्यासाठी शरीरात चार ते पाच पट ऊर्जा मोकळी व्हावी लागते. ती ११० ते १४० किलोकॅलरी होईल. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे १७० किलोकॅलरी असतात. तात्पर्य, ज्या दुर्गाने शतकानुशतके सैन्ये अडवून धरली, तो चढून जाण्याचा खर्च एका भाकरीतही काही उरवून ठेवतो. किल्ल्याखाली उतरल्यावर घेतलेला एक पेला गोड सरबत व थोडी भजी हा सारा जमाखर्च उलटवून टाकण्यास पुरेशी आहेत.

हा हिशेब निराशाजनक वाटेल, पण तो बरोबर आहे. २०१२ साली हर्मन पाँट्झर व त्यांचे सहकारी यांनी टांझानियातील हड्झा या शिकारी-संग्राहक लोकांच्या दैनंदिन ऊर्जाव्ययाचे मापन प्रसिद्ध केले. दिवसभर चालणाऱ्या या लोकांचा एकूण व्यय, शरीराच्या आकारमानाचा भेद जमेस धरल्यावर, बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्य लोकांहून विशेष निराळा आढळला नाही. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. तथापि केवळ उष्मांक जाळण्याचे साधन म्हणून व्यायामाकडे पाहणे अपुरे आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. व्यायामाचा महत्त्वाचा परिणाम जळालेल्या इंधनात शोधण्यापेक्षा ज्या स्नायूत ते जळते त्या स्नायूत शोधावा लागतो. त्यासाठी पहिल्या पायरीपासून निघाले पाहिजे.

पहिल्या पायरीवर पाऊल उचलताना मांडीच्या स्नायूस लागणारी ऊर्जा अन्नातून थेट मिळत नाही. ती मिळते ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने ए.टी.पी., या संयुगाच्या विघटनातून. या संयुगाचा साठा विलक्षण तुटपुंजा आहे. एक किलोग्रॅम स्नायूत तो केवळ ५ ते ६ मिलिमोल असतो, आणि जोराच्या आकुंचनात अवघ्या दोन-तीन सेकंदांत संपण्याजोगा असतो. पण तो संपत नाही. चढणीच्या कोणत्याही क्षणी स्नायूची तपासणी केली तरी ए.टी.पी.चे प्रमाण विश्रांतीच्या वेळेहून फारसे कमी झालेले आढळत नाही. हौदातून पाणी उपसले जात असतानाच तितकेच पाणी आत येत राहावे, तशी ही स्थिती आहे. व्यायामकाळातील चयापचयाचे सारे रहस्य या पुनर्भरणात आहे. स्नायूचे कौशल्य साठा करण्यात नसून भरपाईचा वेग खर्चाच्या वेगाशी जुळवून घेण्यात आहे.

पहिल्या काही सेकंदांत ही भरपाई फॉस्फोक्रिएटिन करते. हे संयुग ए.टी.पी.च्या तीन-चार पट प्रमाणात स्नायूत असते आणि आपला फॉस्फेट-गट तत्काळ देऊन टाकते. १९२७ साली त्याचा शोध लावणाऱ्यांत, हार्वर्ड येथे सायरस फिस्क यांच्यासमवेत काम करणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय संशोधक होते. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि हार्वर्डमध्ये याच जोडीने ए.टी.पी.चाही शोध लावला. भारतीय विद्यार्थ्यांस सुब्बारावांचे नाव क्वचितच ठाऊक असते.

फॉस्फोक्रिएटिन पुरे पडते ते सुमारे दहा सेकंद. तोवर दुसरी यंत्रणा वेग घेते. स्नायूत साठविलेल्या ग्लायकोजेनचे, म्हणजे प्राणिज पिष्टाचे, विघटन होऊन ग्लुकोज-घटक मोकळे होतात आणि त्यांच्यापासून प्राणवायूच्या साहाय्यावाचून ए.टी.पी. बनू लागते. एका ग्लुकोज-रेणूमागे या मार्गाने केवळ दोन, आणि ग्लायकोजेनपासून आरंभ झाल्यास तीन, ए.टी.पी.-रेणू लाभतात. लाभ थोडा, पण वेग मोठा. याच मार्गाच्या शेवटी लॅक्टेट निर्माण होते.

लॅक्टिक अम्लाविषयी एक समज अद्याप पाठ्यपुस्तकांतून पूर्णपणे गेलेला नाही. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंतील उष्णता व लॅक्टिक अम्ल यांवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर काही वर्षे, लॅक्टिक अम्ल हेच आकुंचनाचे कारण होय, अशी कल्पना रूढ होती. १९३० साली आयनार लुंड्सगार्ड यांनी विशिष्ट विषाने ग्लायकोजेनच्या विघटनाचा मार्ग बंद केला, तरीही स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला. लॅक्टिक अम्ल मात्र तयार झाले नाही. कल्पनेचा पाया तेथेच ढासळला. पुढे ‘लॅक्टिक अम्ल म्हणजे थकव्याचे विष’ हा दुसरा समज उरला, आणि १९८० नंतरच्या दशकात जॉर्ज ब्रुक्स यांच्या कार्याने तोही मागे पडला. एका स्नायुतंतूत निर्माण झालेले लॅक्टेट शेजारच्या तंतूत, हृदयाच्या स्नायूत व यकृतात पोहोचते. तेथे त्याचे ज्वलन होते किंवा त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनते. ते इंधनच आहे. तीव्र श्रमात स्नायूची आम्लता वाढते आणि थकव्याला तीही अंशतः कारणीभूत असते हे खरे. पण सारा दोष लॅक्टेटच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते.

दरम्यान श्वास व नाडी वाढलेली असते. विश्रांतीत ६० किलोग्रॅमचा मनुष्य दर मिनिटास २०० ते २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतो. मिनिटास १० मीटर उंची गाठण्याच्या साधारण वेगाने तो पायऱ्या चढू लागला, की ही गरज सुमारे १.३ लिटरवर जाते. तथापि प्राणवायूचा पुरवठा गरजेबरोबर एकदम वाढत नाही. हृदय, रक्ताभिसरण आणि स्नायूतील विकरांची साखळी यांना लय सापडण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळची तूट फॉस्फोक्रिएटिन व ग्लायकोजेन भरून काढतात. म्हणूनच अंधारीतून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या पायऱ्या पुढच्यांपेक्षा जाचक वाटतात, आणि घाईने धावत सुटणारा तरुण थोड्याच वेळात कठड्यावर बसलेला दिसतो. संथ चालणाऱ्यास मात्र काही मिनिटांनी स्थिरावस्था प्राप्त होते.

या स्थिरावस्थेत बहुतेक सारे ए.टी.पी. तंतुकणिकांत बनते. पेशींतील या सूक्ष्म कणिकांमध्ये पिष्टमय व स्निग्ध इंधनांचे अवशेष एकाच चक्रात येऊन मिळतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली उलगडलेले सायट्रिक अम्लचक्र ते हेच. तेथे सुटलेले इलेक्ट्रॉन विकरांच्या साखळीतून प्राणवायूपर्यंत जातात, आणि त्या प्रवाहात कणिकेच्या आतील पटलाच्या दोन्ही बाजूंस प्रोटॉनांच्या संहतीचा जो फरक पडतो, त्याच्या बळावर ए.टी.पी. घडते. पीटर मिचेल यांनी ही उपपत्ती १९६१ साली मांडली, तेव्हा ती फार थोड्यांना पटली. १९७८ साली तीसाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका ग्लुकोज-रेणूपासून या मार्गाने ३० ते ३२ ए.टी.पी.-रेणू मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतील ३६ अथवा ३८ हा आकडा आता मान्य नाही, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनीही ध्यानात घेतलेले बरे.

आता प्रश्न इंधनाच्या निवडीचा. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. दोन्ही मिळून दीड-दोन हजार किलोकॅलरींचा हा साठा होतो. उलट १० किलोग्रॅम मेदसंचय म्हणजे सत्तर हजारांहून अधिक किलोकॅलरी. इतका मोठा साठा जवळ असता शरीर पिष्टमय इंधनास हात का लावते, याचे उत्तर वेगात व प्राणवायूत आहे. मेदाम्लांचे ज्वलन मंद गतीने होते. शिवाय एक लिटर प्राणवायूमागे पिष्टमय इंधनापासून सुमारे २१ किलोजूल मिळतात, तर मेदापासून १९.६. प्राणवायूची ओढाताण होऊ लागली की शरीर काटकसरीच्या इंधनाकडे वळते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड व वापरलेला प्राणवायू यांचे गुणोत्तर मोजले म्हणजे हा बदल दिसून येतो. केवळ मेद जळत असता ते ०.७ आणि केवळ पिष्टमय पदार्थ जळत असता १ असते. सपाटीवरून चांद मिनाराकडे चालताना मेदाचा वाटा मोठा असतो. पायऱ्यांवर तो घटत जातो. परंतु प्रथम एक इंधन संपते व मग दुसरे सुरू होते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही सदैव एकत्र जळत असतात, फक्त मिश्रण बदलते.

मिश्रणाची सूत्रे संप्रेरकांच्या हाती असतात. श्रम सुरू होताच स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन घटते व ग्लुकागॉन वाढते; अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलीन स्रवते. परिणामी यकृत ग्लुकोज सोडू लागते आणि मेदसंचयातून मेदाम्ले रक्तात येतात. संपूर्ण रक्तात ग्लुकोज असते ते फक्त पाच ग्रॅमच्या आसपास, चहाच्या एका चमच्याएवढे. चढणारे स्नायू ते काही मिनिटांत संपवू शकतील. पण यकृताची भरपाई इतकी तंतोतंत असते की रक्तशर्करेची पातळी जवळजवळ ढळत नाही. जाता जाता हेही नोंदविण्यासारखे आहे की, अंधारीच्या काळोखात चाचपडत असताना वाढलेले हृदयाचे ठोके सर्वस्वी श्रमाचे नसतात. भीतीही ॲड्रेनलीन स्रवविते, आणि मार्ग रचणाऱ्याचा उद्देश शत्रूला भेडसावण्याचाच होता.

मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतारूपाने बाहेर पडतो. वर उल्लेखिलेल्या मनुष्याच्या बाबतीत ही उष्णता ३५० ते ४७० किलोजूल होईल. ती शरीरात कोंडून राहिली तर वर पोहोचेपर्यंत त्याचे तापमान सुमारे दोन अंशांनी चढेल. तसे होत नाही, कारण १५० ते २०० ग्रॅम घामाचे बाष्पीभवन एवढी उष्णता वाहून नेण्यास पुरते. तथापि वैशाखातील दुपारी स्थिती पालटते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून अधिक झाले, आणि बेसाल्टचा तापलेला खडक दोन्ही बाजूंनी उष्णता फेकू लागला, म्हणजे शरीरास बाहेरूनही उष्णता मिळते. सारा भार घामावर पडतो. त्वचेकडे व स्नायूंकडे एकाच वेळी रक्त पुरवावे लागल्याने हृदयाचे ठोके त्याच चढणीसाठी अधिक पडतात, आणि ग्लायकोजेनचा खर्चही वाढतो. ज्यांच्या हृदयास इजा आहे, अथवा जे मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी काही औषधे घेतात, त्यांच्यासाठी वेळ व ऋतू यांची निवड ही सोयीची बाब राहत नाही.

ऋतूचा हा विवेक देवगिरीस नवा नव्हता. यादवराजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्या ग्रंथाच्या दिनचर्येच्या अध्यायात, स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवान मनुष्याने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर काळी मंदच करावा, असे विधान आहे. व्यायामाची फले म्हणून लाघव, कार्यसामर्थ्य, प्रदीप्त अग्नी, मेदाचा क्षय आणि अंगांची घट्ट, रेखीव ठेवण ही सांगितली आहेत. अर्धी शक्ती ओळखावी कशी, याचे उत्तर सुश्रुतसंहितेत मिळते: हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे अर्धे बल खर्ची पडले. आधुनिक मापनांत श्रमाची एक मर्यादा आढळते. तिच्यापलीकडे रक्तातील लॅक्टेट साचू लागते, श्वसन श्रमाच्या प्रमाणाबाहेर वाढते, आणि मनुष्य सलगपणे बोलू शकत नाही. बैठ्या मनुष्यात ही मर्यादा त्याच्या कमाल प्राणवायूग्रहणाच्या अर्ध्याच्या आसपास येते. जुन्या ग्रंथांत आधुनिक शास्त्र वाचण्याचा मोह आवरला पाहिजे. ‘अग्नी’ म्हणजे चयापचय नव्हे, आणि त्या वैद्यांजवळ प्राणवायूची कल्पनाही नव्हती. परंतु निरीक्षण अचूक होते, आणि निरीक्षणाला उपपत्तीची वाट पाहावी लागत नाही.

या मर्यादेच्या दृष्टीने नवखा प्रवासी आणि रोज किल्ला चढणारा वाटाड्या यांची तुलना बोधप्रद आहे. वजन व वेग सारखे असल्यास दोघांनाही लागणारा प्राणवायू जवळजवळ तेवढाच असतो. सरावाने चढण स्वस्त होते, हा सार्वत्रिक समज बहुतांशी चुकीचा आहे. स्नायूची कार्यक्षमता फारशी बदलत नाही. बदलते ती कमाल क्षमता. प्रवाशाचे कमाल प्राणवायूग्रहण दर किलोग्रॅममागे मिनिटास ३० मिलिलिटर असेल, तर चढणीला लागणारे २२ मिलिलिटर म्हणजे त्याच्या क्षमतेचे जवळजवळ तीन-चतुर्थांश होतात. त्याला धाप लागते. वाटाड्याची क्षमता ५० असेल, तर तेच २२ अर्ध्याहूनही कमी ठरतात, आणि तो वाटेत किल्ल्याचा इतिहास सांगत जातो. हा फरक हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक फेकल्या जाणाऱ्या रक्तात, स्नायूतील केशवाहिन्यांत, आणि विशेषतः तंतुकणिकांत असतो. १९६७ साली जॉन होलोझी यांनी धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांची श्वसनक्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे दाखविले. तंतुकणिका अधिक असल्या म्हणजे त्याच श्रमात मेदाचा वाटा वाढतो, ग्लायकोजेन वाचते, लॅक्टेट कमी साचते. हा अपचय नव्हे. व्यायामाने घडविलेला उपचय आहे.

उतरण निराळीच आहे. खाली येताना धाप लागत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरणीमुळे. उतरताना मांडीचा पुढील स्नायू ताणलेल्या अवस्थेत लांबत जाऊन शरीराचा भार आवरून धरतो. ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी १९५२ साली दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढे मारावेत आणि दुसऱ्याने त्याला विरोध करावा, अशी योजना केली. बल दोघांचे सारखे, परंतु विरोध करणाऱ्यास लागणारा प्राणवायू कितीतरी कमी भरला. थोड्या तंतूंवर अधिक ताण, असा हा प्रकार असल्याने स्नायुतंतूंच्या रचनेस सूक्ष्म इजा होते व तिच्या दुरुस्तीच्या काळात वेदना जाणवते. ‘लॅक्टिक अम्ल साचले’ हे तिचे नेहमीचे स्पष्टीकरण टिकत नाही. लॅक्टेट सुमारे तासाभरात पूर्ववत होते आणि वेदना त्यानंतर कितीतरी तासांनी सुरू होते.

चढण-उतरण संपली तरी स्नायूचा व्यापार संपत नाही, आणि या लेखातील महत्त्वाचा भाग येथेच येतो. बर्गस्ट्रॉम व हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ साली एक साधा प्रयोग केला. एकाच सायकलवर दोघांनी एकेका पायाने श्रम केले, दुसरा पाय स्वस्थ ठेवला, आणि नंतर भरपूर पिष्टमय आहार घेतला. श्रम केलेल्या पायातील ग्लायकोजेन स्वस्थ पायाच्या सुमारे दुप्पट झाले. रक्त तेच, संप्रेरके तीच, अन्न तेच. भेद केवळ ज्या स्नायूने काम केले त्यात. पुढील संशोधनाने याचे कारण स्पष्ट केले. स्नायूत ग्लुकोज शिरते ते विशिष्ट वाहक-प्रथिनाच्या द्वारे. एरवी हे प्रथिन पेशीच्या आत असते व इन्शुलिनच्या आज्ञेने पृष्ठभागावर येते. आकुंचनही त्याला पृष्ठभागावर आणते, आणि त्यासाठी इन्शुलिनची गरज लागत नाही. शिवाय श्रमानंतर एक-दोन दिवसपर्यंत तोच स्नायू इन्शुलिनला अधिक सहज प्रतिसाद देतो.

महाराष्ट्रात या घटनेला विशेष महत्त्व आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे, आणि त्यांतील अनेक जण दिसावयास स्थूल नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्यावर दीर्घकाळ काम केले आहे. २००४ साली त्यांनी व लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. तराजू दोघांना सारखेच लेखत होता. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन इंग्लंडमधील बालकांच्या ३.५ किलोग्रॅमच्या तुलनेत २.७ किलोग्रॅम होते. तथापि तूट होती ती स्नायूंत, मेद त्या मानाने राखलेला होता. जेवणानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा फार मोठा भाग स्नायूंत जातो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा शरीराची अडचण उघड होते. ग्लुकोज ठेवावयाचे कोठारच लहान आहे. वजन घटविणे हा उपाय अशा मनुष्यास अपुरा, प्रसंगी गैरलागूही. स्नायू राखणे व त्यांस कामास लावणे हा अधिक समर्पक.

उपवास आणि व्यायाम यांतील भेदही येथेच स्पष्ट होतो. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने देवगिरीस वेढा दिला, तेव्हा धान्य म्हणून गडावर घेतलेल्या गोण्यांत मीठ निघाले आणि रामचंद्रास तह करावा लागला, अशी कथा फिरिश्ता सांगतो. अन्नावाचून राहिलेल्या शिबंदीच्या यकृतातील ग्लायकोजेन एका दिवसाच्या सुमारास संपते. त्यानंतर मेंदूस लागणारे ग्लुकोज घडविण्यासाठी स्नायूंतील प्रथिने खर्ची पडू लागतात. पुढे मेदापासून बनणारी कीटोनद्रव्ये हा खर्च आवरतात, पण थांबवीत नाहीत. मेद दोन्ही प्रसंगी वापरला जातो. उपासमारीत मात्र स्नायू झिजतो, आणि व्यायामात, अन्न पुरेसे असल्यास, तो राखला जातो. केवळ आहार तोडून वजन उतरविणाऱ्याचा स्नायूही काही अंशी त्याबरोबर जातो, ही गोष्ट तराजूवर दिसत नाही.

राहिला प्रश्न परिणामाच्या टिकण्याचा. इन्शुलिनविषयी स्नायूची वाढलेली संवेदनशीलता दोन दिवसांनंतर ओसरते. तंतुकणिकांची वाढ आठवड्यांच्या सरावाने होते व सराव सुटल्यावर काही आठवड्यांतच घटते. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा वरखाली जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयरोहिणीचा विकार कमी, आणि झालाच तर सौम्य आढळला. चालक नोकरीस लागतानाच अधिक स्थूल होते, हे मॉरिस यांनीच १९५६ साली त्यांच्या गणवेशांच्या मापांवरून दाखवून दिले. तेव्हा सारे श्रेय जिन्यांना देता येत नाही. पण वाहकाच्या कामाचे परिमाण ध्यानात घेण्याजोगे आहे. तो एका दिवसात ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. दौलताबादच्या पायऱ्यांची संख्या साधारण तेवढीच भरते. फरक इतकाच की, वाहक त्या एका दमात न चढता दिवसभरात थोड्याथोड्या चढे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढे.